पोशेऱ्याला कोणता संगणक न्यावा?

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात एखादी मोठी वस्तू आणण्याची आपली रीत जुनी आहे. आजोबांच्या काळी रेडिओ आला, वडिलांच्या काळी फ्रीज आला. आता फराळाच्या ताटावर बसलेले चिरंजीव किंवा कन्यारत्न हळूच विषय काढते, “बाबा, मला डीप लर्निंग शिकायचंय. चांगला लॅपटॉप लागेल.” केवढ्याचा, असे विचारल्यावर बाबांच्या हातातली चकली हातातच राहते. आकडा लाखापलीकडचा असतो. आई म्हणते, “शिक्षणासाठीच मागतेय ना? मग नाही कसं म्हणायचं?” आणि दुकानदार तर नाही म्हणणारच नसतो.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांच्या भानगडीत मी पडावे असे माझ्या एम. ए.च्या पदवीत काही नाही. पण यंदा पावसाळ्याच्या तोंडी माझा एक जुना विद्यार्थी सल्ला विचारायला आला आणि मला त्यात पडावेच लागले. तो पोशेऱ्याचा. पोशेरा हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातले गाव. जव्हार-मोखाड्याचा हा सारा मुलूख डोंगराळ, नागली-वरई पिकवणारा. बी. ए. झाल्यावर हा पठ्ठ्या आपल्या आपण प्रोग्रॅमिंग शिकला होता. त्याच्या आजीच्या वारली बोलीतल्या गोष्टी त्याने मोबाइलवर टिपून ठेवल्या होत्या आणि ते बोलणे ऐकून आपोआप देवनागरीत उतरवणारे मॉडेल त्याला घडवायचे होते. जवळ पंचाऐंशी हजार रुपये. त्यातले तीस हजार आईने बचत गटातून कर्जाऊ काढलेले.

“सर, दुकानात एक लॅपटॉप बघितलाय. त्यावर ए. आय. असं लिहिलंय,” तो म्हणाला.

“अरे, लिहायला काय जातं?” मी म्हणालो. मग आमच्या कॉलेजातल्या संगणक विभागाच्या एका सहकाऱ्याला मी चहाला बोलावले, आणि दोन संध्याकाळी आम्ही तिघांनी या प्रश्नाचा कीस पाडला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. पंचाऐंशी हजारांचा प्रश्न फक्त पोशेऱ्यातच पडतो असे नाही.

मॉडेल म्हणजे आकड्यांचा एक प्रचंड ढीग. उदाहरण द्यायचे, उत्तर काढू द्यायचे, ते किती चुकले हे मोजायचे आणि सगळे आकडे किंचित किंचित सरकवायचे. हे लाखो वेळा करायचे, याला प्रशिक्षण म्हणतात. यातले प्रत्येक गणित तिसरीतल्या मुलाला जमेल इतके सोपे, पण संख्या अफाट. अशा कामाला एक गणितज्ञ उपयोगी नाही. पाढे येणारी हजारो पोरे एका दमात कामाला लागली पाहिजेत. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा गणितज्ञ, आणि ग्राफिक कार्ड ही पोरांची शाळा. ही कार्डे खरे म्हणजे खेळांतली चित्रे झरझर हलावीत म्हणून निघाली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या अॅलेक्स क्रिझेव्हस्कीने तसलीच दोन कार्डे जोडून सहा कोटी आकड्यांचे मॉडेल शिकवले, चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत साऱ्यांना मागे टाकले, आणि आजची ही धामधूम तेथून सुरू झाली. ती कार्डे बाजारात मिळणारी होती, प्रत्येकी ३ जीबी स्मृतीची, आणि शिकवायला पाच-सहा दिवस लागले होते.

ही ‘स्मृती’ हीच साऱ्या खरेदीतली मेख आहे. गृहिणींना ती पटकन कळेल. शेगडी कितीही प्रखर असो, परातीत मावेल तेवढीच कणीक मळता येते. कार्ड किती वेगवान आहे यावर काम किती तासांत होईल हे ठरते. त्याची स्वतःची स्मृती किती यावर काम होईल की नाही हेच ठरते. दुकानदार ज्या १६ जीबीचे कौतुक सांगतो ती बहुधा संगणकाची स्मृती असते. कार्डाची वेगळी विचारावी लागते.

हिशेब करून पाहू. बोलणे लिहून काढणारे व्हिस्पर नावाचे मॉडेल ओपन ए. आय. कंपनीने २०२२ मध्ये सर्वांना खुले केले. त्याला मराठी थोडीफार येते. त्याच्या ‘स्मॉल’ आवृत्तीत २४ कोटी ४० लाख आकडे आहेत. साध्या पद्धतीने शिकवताना दर आकड्यामागे १६ बाईट जागा लागते: आकडा स्वतः, त्याला कोणत्या दिशेने सरकवायचे ती खूण, आणि मागच्या सरकण्याच्या दोन नोंदी. म्हणजे सुमारे ४ जीबी नुसत्या हिशेबालाच गेली. ज्या आवाजावर काम चालले आहे त्याची जागा निराळी. १२ जीबीच्या कार्डावर हे ऐसपैस बसते, ६ जीबीवर अंग चोरून बसावे लागते. त्याच मॉडेलच्या ‘लार्ज’ आवृत्तीत १५५ कोटी आकडे. त्यांना २५ जीबी हवी. ती घरगुती कार्डांतल्या चांगल्या दांडग्या २४ जीबीच्या कार्डातही मावत नाही. काटकसरीच्या युक्त्या आहेत, पण त्या आधी शिकाव्या लागतात.

आता त्या ए. आय.च्या चिकटपट्टीविषयी. अलीकडे लॅपटॉपमध्ये एन. पी. यू. नावाची एक चिप येऊ लागली आहे. शिकून तयार झालेली मॉडेले थोड्या विजेत चालवायला ती चांगली. मॉडेल शिकवायला तिचा उपयोग जवळपास नाही. म्हणजे शाळेच्या इमारतीवर ‘येथे पदवीधर राहतात’ अशी पाटी पाहून मुलाचे नाव घालण्यासारखे झाले.

दुसरा घोटाळा नावांचा. एनव्हिडियाचे आर. टी. एक्स. ३०६० हे कार्ड २०२१ साली आले तेव्हा टेबलावरच्या संगणकात ते १२ जीबीचे होते आणि लॅपटॉपमध्ये त्याच नावाचे ६ जीबीचे. नाव एक आणि परात निम्मी! म्हणून पावतीवर नावापुढे जीबी लिहून घ्यावी. इतर कंपन्यांची कार्डे वाईट नव्हेत, पण शिकणाऱ्यांचे धडे आणि तयार प्रोग्रॅम बहुतेक एनव्हिडियाच्या कूडा या व्यवस्थेवर लिहिलेले असतात. नवशिक्याने तीच वाट धरलेली बरी. लॅमिंग्टन रोडवर जुनी कार्डे स्वस्तात मिळतात. त्यांतली कित्येक आभासी चलनाच्या गणितांसाठी रात्रंदिवस राबवलेली असू शकतात. समोर तासभर चालवून दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पुण्या-मुंबईच्या ज्या घरात वीज सहसा जात नाही आणि मूल खरोखर रोज काम करणार आहे, तेथे मी टेबलावरचा संगणक आणि १२ किंवा १६ जीबीचे कार्ड सुचवीन. किमती येथे छापत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत त्या बदललेल्या असतील.

पोशेऱ्याचा मामला निराळा. तेथे पावसात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नाही, असे तो सांगत होता. टेबलावरचे यंत्र शिकवण्याच्या कामात तीन-साडेतीनशे वॅट ओढते. रात्रभराच्या कामाला घरगुती इन्व्हर्टर कितीसा पुरणार? आमचे सहकारी म्हणाले, “मग जड यंत्र भाड्यानं घे.”

भाड्याची यंत्रे दूर कुठे तरी, पुष्कळदा नवी मुंबईसारख्या ठिकाणी गोदामांत असतात आणि आपण इंटरनेटवरून त्यांना काम सांगतो. गूगलचे कोलॅब, मोकळे असेल तेव्हा, १६ जीबीचे कार्ड फुकट वापरू देते. कॅगलवर आठवड्याला साधारण तीस तास मिळतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया ए. आय. मिशनला मंजुरी दिली. त्यातून सवलतीत मिळणाऱ्या कार्डांचा तासाचा दर २०२५ मध्ये सुमारे ६५ रुपये सांगितला गेला. त्या दराने चाळीस हजारांत सहाशे पंधरा तास होतात.

हे ऐकून मुलगा हसला. “सर, आमच्या तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. पाणी आमच्याकडं साठतं आणि नळ मुंबईत उघडतो. हे त्याच्या उलटं झालं.” २०१४ पासून ते पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात, हे ठाऊक असल्यामुळे मला काही त्याच्याबरोबर हसता आले नाही.

भाड्याच्या यंत्राला एक खोड आहे, ती आईबापांनी लक्षात घ्यावी. मीटर चालू असला की मूल धडपडायला कचरते, आणि धडपडल्याशिवाय ही विद्या येत नाही. म्हणून सुरुवात फुकटच्या तासांवर करावी. ते तास मध्येच तुटतात. तेव्हा झालेले काम दर अर्ध्या तासाने जपून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. कोऱ्या पाटीवरही बसू नये. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये महाबर्ट हे मराठीचे मॉडेल केले, तेही आधीच अनेक भाषा शिकलेल्या मॉडेलला २ कोटी ४८ लाख नवी वाक्ये वाचायला देऊन.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी वेगळे कार्ड नसलेला, १६ जीबी स्मृतीचा साधा लॅपटॉप घेतला. वीज गेली तरी त्याची बॅटरी चार तास तग धरते. आईचे तीस हजार त्याने पुढच्याच आठवड्यात गटाला परत केले. उरलेल्यातून एक चांगला मायक्रोफोन घेतला आणि थोडे पैसे भाड्यासाठी बाजूला ठेवले. तासाभराचे ध्वनिमुद्रण ११५ एमबीचे होते. गावात रेंज कमी, म्हणून वीस तासांचे सव्वादोन जीबी तो पेन ड्राइव्हवर घालून जव्हारला नेतो आणि तेथून पाठवतो.

परवा त्याचा फोन आला. यंत्राविषयी त्याला काही विचारायचे नव्हते. मॉडेलला शिकवण्यासाठी आजीच्या प्रत्येक वाक्याचा लेखी उतारा आधी हाताने करावा लागतो, आणि आजीच्या तोंडचे काही उच्चार देवनागरीत नेमके कसे लिहावेत हे त्याला सुचत नव्हते. “सर, हे तर तुमच्याच विषयातलं आहे,” तो म्हणाला. फोनवर ते उच्चार मला नीट उमगले नाहीत. भाऊबीज झाली की पोशेऱ्याला येतो, असे त्याला कळवले आहे. आजी सकाळी लवकर बोलायला बसते म्हणे, तेव्हा आदल्या संध्याकाळीच पोहोचले पाहिजे.