खेळाडूच्या घामाची हजेरी कोण मांडणार?

बेळ्ळंदूर हे एके काळी बेंगळुरूबाहेरचे तळ्याकाठचे खेडे होते. आज तेथे काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या आहेत. आपल्या बेंगळुरू विभागातले बेळ्ळंदूर रोड हे लहानसे स्टेशन याच भागात येते. आमच्या मराठी सभासदांची काही मुले या कचेऱ्यांत परदेशी कंपन्यांची कामे करतात आणि ओघाने तिकडचे खेळही पाहतात. त्यांच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, "काका, अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंनी युनियन काढली होती म्हणे. खेळाडूला युनियन कशाला? तो काय कामगार आहे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रेल्वेत आणि डाक खात्यात खेळाडू म्हणून भरती झालेले आपले अनेक बांधव आहेत. म्हणून उत्तर सर्वांपुढेच ठेवतो.

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा असतो. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि अंगावर धडका घेतात. क्वार्टरबॅक हा त्यातला सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा हे त्याला क्षणात ठरवावे लागते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संघात केन कोल्टर हा असा क्वार्टरबॅक होता. जानेवारी २०१४ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह कॉलेज खेळाडूंची संघटना जाहीर केली. पोलाद कामगारांची मोठी युनियन, युनायटेड स्टीलवर्कर्स, त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

त्यांच्या मागण्या काय होत्या? खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यानंतरही मिळावा. डोक्याला मार बसू नये यासाठी नियम व्हावेत. जायबंदी झाला म्हणून मुलाची शिष्यवृत्ती काढून घेऊ नये. गँगमन किंवा पोस्टमन बांधवाला या मागण्या परक्या वाटणार नाहीत.

कामगार मंडळाच्या शिकागो येथील प्रादेशिक संचालकांपुढे साक्षी झाल्या. हंगामात ही मुले आठवड्याला ४० ते ५० तास खेळाच्या कामाला जुंपलेली असतात, असे दिसून आले. कोल्टरला डॉक्टरकीकडे जायचे होते, पण सरावाच्या वेळेमुळे आवश्यक विषय वेळेवर घेता आला नाही, असे त्याने सांगितले. विद्यापीठाला २००३ ते २०१२ या काळात फुटबॉलपासून सुमारे २३.५ कोटी डॉलरचे उत्पन्न झाले होते. २६ मार्च २०१४ रोजी संचालकांनी निर्णय दिला की शिष्यवृत्तीवर खेळणारे हे खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी आहेत. २५ एप्रिलला खेळाडूंनी युनियनसाठी मतदान केले. विद्यापीठाने अपील केले होते, म्हणून मतपेट्या मोहोरबंद झाल्या. १७ ऑगस्ट २०१५ रोजी वरिष्ठ मंडळाने प्रकरणात हात घालण्यासच नकार दिला. हे कामगार आहेत की नाहीत, याचे उत्तर दिले नाही. ती मते कधी मोजलीच गेली नाहीत.

कोल्टरची कारकीर्द पुढे फार गेली नाही. २०१४ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. एका संघाने नंतर करारावर घेतले, पण नाव झाले नाही. मात्र त्याने उघडलेले दार पुन्हा लागले नाही. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. पैसा आला, पण 'कर्मचारी' हा शब्द अजून देत नाहीत. तो शब्द दिला की नुकसानभरपाई, कामाचे तास, वाटाघाटी हे सारे द्यावे लागते.

तो शब्द टाळण्याची युक्तीही जुनी आहे. १९५५ साली कोलोरॅडो राज्यात रे डेनिसन नावाचा कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच दशकात कॉलेज खेळांच्या मध्यवर्ती संस्थेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. असे दावे उभे राहू नयेत हाच त्यामागचा हेतू होता.

मित्रहो, नाव बदलून हक्क काढून घेण्याची ही रीत आपल्याला ठाऊक आहे. डाक खात्यात 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट' होते. ते सरकारी पदावर काम करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. पुढे त्यांचे नाव 'ग्रामीण डाक सेवक' झाले. पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा काही आला नाही. बेळ्ळंदूरच्या रस्त्यांवर पाठीला पेटी बांधून जेवण पोहोचवणाऱ्या पोरांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. या पोराला पडला तर दवाखान्याचे बिल मिळते. कर्नाटक सरकारला अशा कामगारांसाठी २०२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच सारे आले.

आपल्या देशात खेळाडूच्या बाबतीत एक चांगली वाट पडली होती, तीही सांगितली पाहिजे. बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या उत्तरेला एचएएलचा विमानतळ आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने सुरू केलेल्या कारखान्यातून ही कंपनी वाढली. एचएएल, आयटीआय अशा सरकारी कारखान्यांच्या संघांनी बेंगळुरूचा फुटबॉल अनेक वर्षे चालवला. गरीब घरातला पोरगा उत्तम खेळे आणि त्या जोरावर त्याला नोकरी मिळे. पाय मोडला, वय झाले, खेळ थांबला, तरी हजेरीपटावरचे नाव राही. मुलांची शाळा आणि म्हातारपणची सोय त्या नावावर होई. रेल्वेनेही १९२८ पासून क्रीडा मंडळ चालवले. रेल्वेच्या फुटबॉल संघाने संतोष करंडक तीनदा जिंकला.

पुढे ही वाट अरुंद होत गेली. एचएएलचा संघ २०११-१२ च्या हंगामानंतर देशाच्या वरच्या लीगमधून खाली आला. मुंबईत महिंद्र युनायटेडसारखा नामवंत संघ मालकांनी २०१० मध्ये बंद केला. आता मोठ्या लीग आल्या, झगमगाट आला. थोड्यांना भरपूर पैसा मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण बाकीचे हंगामी करारावर असतात आणि करार संपला की हात रिकामे.

नोकरी असली म्हणजे सारे मिळाले असेही नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. पण बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या कामावर लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि लगेच बढती जाहीर झाली. त्याचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण ऑलिंपिक पदक लाखात एकाला मिळते. विभागीय स्पर्धेत गुडघा गमावणाऱ्या खलाशाचे काय, हे संघटनेने विचारायचे नाही तर कोणी?

म्हणून आमचे म्हणणे असे. एक, सरावात वा सामन्यात झालेली दुखापत ही कामावर झालेली दुखापत मानावी आणि उपचार व भरपाई त्या हिशेबाने द्यावी. दोन, खेळाडूची बढती ठरलेल्या नियमाने व्हावी. साहेबांच्या मर्जीवर किंवा पदकाच्या दिवशीच्या फोटोवर ती अवलंबून नसावी. तीन, खेळ थांबल्यावर त्याला खात्याचे काम शिकवण्याची नीट व्यवस्था असावी, म्हणजे पस्तिशीनंतर तो कोणाच्या टेबलाकडे बघत बसणार नाही. चार, खेळाडूंच्या जागा दरवर्षी भराव्यात, त्या कंत्राटावर नेऊ नयेत.

आपल्या सभासदांनाही एक सांगणे आहे. "तो खेळतो, काम आम्ही करतो" ही भाषा शाखांतून ऐकू येते. ती सोडली पाहिजे. पहाटे चारला उठून मैदानावर घाम गाळणारा भाऊ खात्याचेच नाव वर काढत असतो. त्याची कारकीर्द दहा-बारा वर्षांची आणि संसार मात्र आपल्याइतकाच लांब. शिकागोच्या त्या मुलांची मते पेटीत बंद राहिली, कारण ती एकाच संघापुरती, थोडी होती. आपली संख्या मोठी आहे. प्रत्येक शाखेने पुढच्या सर्वसाधारण सभेत खेळाडू सभासदांची नावे, त्यांच्या दुखापती आणि अडलेल्या बढत्या यांची यादी करावी आणि ती महासंघाकडे पाठवावी. यादी हाती असली म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर आम्हाला बोलता येईल.