मांडवगडचे जहाज आणि आमचा हौद

या सदरातून वाचकांशी आजवर पुष्कळ विषयांवर बोलणे झाले. माळव्यातील मराठी घरांची लोणची झाली, लग्नांतले मानपान झाले, जुन्या वाड्यांच्या वाटण्याही झाल्या. पण त्याच वाड्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या एका अंधाऱ्या खोलीविषयी मी कधी अक्षर लिहिले नाही. आज लिहिणार आहे. ज्यांना जेवता जेवता अंक चाळण्याची सवय असेल, त्यांनी हे पान हात धुऊन झाल्यावर वाचावे.

निमित्त झाले माझ्या भाच्याचे. धारची माझी धाकटी बहीण, तिचा हा मुलगा मालवाहू जहाजावर चौथा अभियंता आहे. सहा-सात महिने समुद्रावर काढून तो भाद्रपदात रजेवर आला आणि नेमाप्रमाणे आम्ही सारे मांडवगडास गेलो. पावसाळा सरता सरता मांडवगड पाहावा, हे माळव्यात राहणाऱ्यास सांगायला नकोच. मुंज तलाव तुडुंब भरलेला, पलीकडे कापूर तलाव, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे १२० मीटर लांबीचा, रुंदीला मात्र बेताचा असा तो जहाज महाल. ग्यासुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत, म्हणजे १४६९ ते १५०० या काळात तो उभा राहिला असे सामान्यतः मानले जाते. धुके उतरले की तो खरोखरच नांगर टाकून उभा असलेल्या गलबतासारखा दिसतो.

आम्ही सज्जातून तलाव पाहत होतो. भाचा मात्र पन्हळी शोधीत फिरत होता. गच्चीवर दगडात घडविलेली एक चक्राकार पन्हळ आहे. पाणी तिच्यातून वळणे घेत जाते, त्याचा वेग मंदावतो, बरोबर आलेली माती वाटेतच बसते आणि निवळलेले पाणी पुढे कुंडात उतरते. मांडवगडाच्या माथ्यावर बारमाही नदी नाही. तेथील सारे वैभव पावसाच्या पाण्यावर उभे होते आणि ते पाणी साठविण्याची, निवळण्याची, खेळविण्याची विद्या त्या लोकांना चांगली अवगत होती. चंपा बावडीजवळच्या हमामखान्यात तर ऊन आणि गार पाण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. हे सर्व पाहून झाल्यावर भाच्याने मला विचारले, "मामा, हे जहाज आहे हे कबूल. गोड्या पाण्याची सोयही उत्तम. पण मैल्याची काय व्यवस्था होती?"

मी म्हणालो, "राजेलोकांच्या घरी असे प्रश्न विचारू नयेत."

"आमच्याकडे जहाजावर पाऊल ठेवताना हेच दोन प्रश्न पहिले असतात," तो म्हणाला. "प्यायचे पाणी कोठून येते, आणि घाण कोठे जाते. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असते. ते यंत्र चौथ्या अभियंत्याच्या वाट्याला येते."

आमच्या भगिनीच्या हातातील दशमी तशीच राहिली. मुलगा परदेशी बोटीवर मोठ्या पगाराचा अभियंता आहे, हे तिने साऱ्या धारेत सांगितले होते. तो संडासाच्या नळ्या मोकळ्या करतो, हे तिला त्या दिवशी कळले.

त्याने मग जे सांगितले ते मला इतके नवे वाटले की येथे थोडे विस्ताराने देतो. जहाज समुद्रात असले तरी समुद्राचे पाणी पिता येत नाही. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कमी दाबाखाली ते पाणी उकळवितात, वाफ थंड करून गोडे पाणी मिळवितात, मग त्यात आवश्यक क्षार मिसळून व ते निर्जंतुक करून टाक्यांत साठवितात. या टाक्यांची भिंत मैल्याच्या किंवा तेलाच्या टाकीला लागून असता कामा नये. मध्ये रिकामी जागा सोडावी लागते. मैल्याच्या टाकीतून पिण्याच्या पाण्याचा नळ नेणेही वर्ज्य. टाक्या ठराविक मुदतीने रिकाम्या करून आतून घासतात, गंज पाहतात, क्लोरीनच्या पाण्याने भरून ठेवतात, आणि हे सारे तारखेनिशी वहीत लिहितात.

मैल्याचे यंत्र म्हणजे एक कप्प्याकप्प्यांची टाकी. पहिल्या कप्प्यात हवा सोडून सूक्ष्म जीवाणू जगवायचे. ते मैला खातात. दुसऱ्यात गाळ बसतो, तिसऱ्यात पाणी निर्जंतुक होते. पूर्वी जहाजातून सर्व काही सरळ समुद्रात जाई. २००३ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. नव्या खलाशाला पहिली ताकीद असते ती ही की, संडासात फिनाईल किंवा कडक अ‍ॅसिड ओतायचे नाही. जीवाणू मेले की दोन दिवसांत जहाजभर दुर्गंधी सुटते. आमच्या सौ.ने हे ऐकून माझ्याकडे पाहिले. अ‍ॅसिडची बाटली दर शनिवारी मीच रिकामी करीत असे.

येथवर ही सहलीतली गंमत होती. परतीच्या वाटेवर भाच्याने सहज विचारले, "मामा, देवासच्या घरात तुमचा हौद कोठे आहे, आणि सेप्टिक टँक कोठे?" मला लगेच उत्तर देता आले नाही. त्या वर्षी आषाढात आमच्याकडे सून आणि धाकटा नातू, दोघांनाही कावीळ झाली होती. डॉक्टरांनी पाण्याचा संशय घेतला होता. आम्ही दोष दिला तो चौकातल्या पाणीपुरीच्या गाडीला.

देवासकरांना पाण्याची गोष्ट सांगायला नको. ज्या गावात एकाच घराण्याच्या दोन पात्या राज्य करीत, आणि फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने नमूद केल्याप्रमाणे ज्यांचे दरबार, फौज आणि पाणीपुरवठासुद्धा निरनिराळे होते, त्या गावात पुढे दोघांचे तलावही राहिले नाहीत. बहुतेक बुजले, त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले. विंधनविहिरी खोल खोल गेल्या आणि एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याचे टँकर भरून आगगाडी देवासच्या स्थानकावर आली. तिचे वाजतगाजत स्वागत झाले होते. पाणी जपण्याची जी धास्ती त्या उन्हाळ्याने घातली, तिच्यापोटी आम्हीही घाईघाईने अंगणात विटांचा हौद बांधून घेतला. जागा होती तेवढीच. सेप्टिक टँक आधीपासून होता; त्याच्यापासून हौदाची भिंत चार हातांवर आली. गवंड्याने तेव्हा मान हलविली होती. मीच त्याला गप्प केले.

भाच्याने दुसऱ्या दिवशी रसायनांच्या दुकानातून फ्लुओरेसीन नावाचा हिरवा रंग आणला, तो पाण्यात कालवून संडासात ओतला आणि हौद अर्धा रिकामा करून ठेवला. (भरल्या हौदातून पाणी बाहेर झिरपते, रिकामा असला की बाहेरचे आत येते. पाणी येण्याच्या दिवसाआधी हौद तळाला गेलेला असतो, तीच वेळ धोक्याची, हे मला साठी उलटल्यावर कळले.) पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने हौदात बॅटरीचा झोत टाकला आणि मला बोलाविले. कोपऱ्यातल्या विटांच्या सांध्याखाली पाण्याला पोपटी झाक होती. रंगपंचमीला आमच्या गावात एवढा रंग उडतो, पण रंग पाहून माझे पाय कधी असे लटपटले नव्हते.

असे अपघात मोठमोठ्या शहरांनाही चुकलेले नाहीत. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगढ नाल्याची घाण वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचली, आणि पुढल्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जगातल्या वैद्यकाच्या पुस्तकांत ती साथ नोंदलेली आहे. तो कावीळीचा निराळाच प्रकार होता, हे पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक असतो. आमच्या सुनेला दिवस गेलेले नव्हते, एवढेच आमचे दैव.

तो हौद आम्ही कायमचा बंद केला. आता पाणी थेट जमिनीवरच्या टाकीत येते. जुनी गच्चीवरची टाकी ठेवली, पण तिची सफाई भाच्याने जहाजाच्या रीतीने करवून घेतली; ती कोणाच्याही घरी करता येईल. टाकी रिकामी करून बाजू व तळ ब्रशाने घासावे, गाळ बाहेर काढावा. मग टाकी भरून हजार लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालावी. पावडर आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळच ओतावे. नळ सोडून वास येईपर्यंत ते पाणी नळ्यांतूनही खेळवावे, रात्रभर ठेवावे, सकाळी सारे सोडून द्यावे व टाकी धुवावी. हे पाणी चुकूनही कोणी पिऊ नये, आणि ते सेप्टिक टँकमध्येही सोडू नये. रोजच्या पाण्यास हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम पावडर आणि निदान अर्ध्या तासाचा अवधी पुरतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नयेत. विषारी वायू निघतो. ज्यांच्याकडे अजून विहीर आहे त्यांनी शोषखड्डा तिच्यापासून निदान १८ मीटर दूर आहे ना, हे मोजून पाहावे. माळव्याच्या काळ्या पाषाणाला भेगा असतात, तेव्हा अंतर जास्त असलेले बरे.

राहिला सेप्टिक टँक. तो दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. आमचा किती वर्षांत उघडला नव्हता, ते कोणालाच आठवेना. मी नेहमीच्या ओळखीतून दोन माणसे ठरविली. रात्री येऊ, दोरी-बादली आमची, वर 'खर्चापाणी' वेगळे, असे त्यांनी सांगितले. भाचा हे ऐकत होता. त्याचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला.

"मामा, जहाजावर बंद टाकीत उतरायचे तर लेखी परवाना लागतो. आधी हवा खेळवायची, मग प्राणवायू मोजायचा, तो २१ टक्क्यांच्या आसपास असला आणि विषारी वायू नसला तरच माणूस उतरतो. तोंडाशी दुसरा माणूस उभा असतो. तो आत पडलेल्याला काढायला उडी मारत नाही, कारण असे वाचवायला गेलेलेच अधिक मरतात. आणि उतरणारा मी असतो. तुम्ही या माणसांना दारू पाजून उतरवणार?"

मी काही बोललो नाही. त्या टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून माणूस फसतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरला आहे, आणि तो घरमालकालाही लागतो. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरविली. आम्ही यंत्राचा टँकर बोलाविला. नळी आत गेली, माणूस बाहेर राहिला. तळाचा थोडा गाळ मुद्दाम ठेवला, त्यातले जीवाणू पुढच्या कामाला येतात.

हे सर्व चालले असता आई ओट्यावर बसली होती. तिला नव्वदी जवळ आली आहे. ती मध्येच म्हणाली, "धारच्या वाड्यात मागच्या बोळातून ती बाई यायची. लोखंडी पत्रा भिंतीला घासल्याचा आवाज आला की आम्ही मुलांना आत घ्यायचो." मलाही तो आवाज आठवला. बोळाकडचे ते बुटके दार, आतली राखेची टोपली, सणावारी वरून टाकलेले शिळे अन्न. मी विचारले, "नाव काय होते तिचे?" आई पुष्कळ वेळ आठवीत राहिली. तिची येण्याची वेळ तिला आठवली, तिच्या लेकीचे लग्न झाल्यावर ती मुलगी दुसऱ्या गल्लीत तेच काम करू लागली हेही आठवले. नाव मात्र आठवले नाही. आमच्या घरात ते कधी कोणी विचारलेच नसावे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून १९३२ मध्ये उपवास केला होता आणि पुढे कणकवलीला गोपुरी संडास घडविला, हे आमच्या वडिलांच्या पिढीला चांगले माहीत होते. वडील त्यांच्याविषयी आदराने बोलत. वाड्याचा पायखाना तरीही तसाच चालू राहिला. आमच्या देवासच्याच 'जन साहस' संस्थेच्या गरिमा अभियानाने २०१२-१३ मध्ये भोपाळहून दिल्लीपर्यंत मैला मुक्ती यात्रा नेली. डोक्यावरची टोपली टाकून दिलेल्या बायकाच तिच्यात पुढे होत्या. ती बातमी मी वाचली होती आणि पान उलटले होते.

भाचा जहाजावर परत जाण्यापूर्वी त्याने एका कागदावर घराचा नकाशा काढला. निळ्या रेघेने पिण्याचे पाणी, लाल रेघेने मैला. तो आता स्वयंपाकघराच्या दाराआड लावला आहे. सेप्टिक टँकच्या झाकणाजवळ भिंतीवर उपशाची तारीख तेलरंगाने लिहिली आहे आणि खाली पुढच्या उपशाचे साल. बहिणीचे म्हणाल तर तिने धारेला गेल्यावर शेजारणीला मुलाचे काम नीट समजावून सांगितले, असे परवा कळले. शेजारणीने आपल्या हौदाची जागा पाहायला त्याला पुढच्या रजेत बोलाविले आहे.