विश्लेषण : डॉक्टर फोनवर कधी, दवाखान्यात कधी?

चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून भोसरीत परतलेल्या कामगाराला कणकण वाटली, तर तो आधी फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतो. दवाखाना उघडतो तेव्हा त्याचा डोळा लागलेला असतो. संध्याकाळी पुन्हा नाशिक महामार्गावरची कोंडी. 'सर, मागचीच गोळी घेऊ का?' हा त्याचा प्रश्न आळसातून येत नाही. दवाखान्यात जायचे म्हणजे झोप मोडायची, नाहीतर खाडा पडतो.

नियम काय सांगतो?

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. फोन, व्हिडिओ, चॅट या तिन्ही मार्गांनी नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतात. मात्र त्यातली एक अट बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी केलेली विचारणाच 'पाठपुरावा' ठरते. आजार नवा असेल तर डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे असले तरी ती पहिली भेट. अशा वेळी फोनवर लिहून देता येणारी औषधे मोजकीच असतात. फोनवर भागेल की प्रत्यक्ष यावे लागेल, हे ठरवण्याचा अधिकारही डॉक्टरांचाच.

त्यामुळे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या चालू गोळ्या, रक्ताचे अहवाल दाखवणे, यासाठी फोन उत्तम. छातीत दुखणे, धाप लागणे, पोटात कळा, तान्ह्या बाळाचा ताप, यासाठी नाही.

सर्वांत फसवा आजार डेंग्यू. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही धोक्याची चिन्हे अनेकदा ताप उतरू लागल्यावर दिसतात. नेमके तेव्हाच रुग्ण फोनवर सांगतो, 'ताप गेला, कामावर जाऊ का?' नाडी आणि रक्तदाब पाहिल्याशिवाय याचे उत्तर देणे धोक्याचे आहे.

मग अडते कुठे?

पैशात आणि वेळेत. सूचनांनुसार डॉक्टर फोनवरच्या सल्ल्याचे शुल्क घेऊ शकतात. त्याची पावती आणि औषध दिल्यास सही, नोंदणी क्रमांकासह चिठ्ठी त्यांनी द्यायला हवी. आपल्याकडे मात्र फोन फुकट, हा समज पक्का. मग घाईत उत्तर मिळते आणि नोंद कुठेच राहत नाही.

कामगार विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो, पण त्यासाठी योजनेच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. घरच्या डॉक्टरांचा मेसेज तिथे चालत नाही.

पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात वैद्यकीय कक्ष कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे मोजलेला रक्तदाब, तापमान, साखर लिहून कामगाराच्या हाती दिली, तर तो कागद फोटो काढून डॉक्टरांना पाठवता येईल. पिंपरी-चिंचवडच्या दवाखान्यांनीही पाळी सुटण्याच्या वेळा पाहून आठवड्यातले दोन दिवस सकाळी सातला दार उघडावे.