पेटी कंपनीची असो, किल्ली आपली हवी

वाचायला बसण्याआधी एक काम करा. तुमच्या घरात इंटरनेटची पेटी कुठे आहे ते शोधा. टीव्हीच्या मागे असेल, नाहीतर चपलांच्या कपाटावर. तिच्यावर दोन-चार दिवे लुकलुकत असतील. सापडली? आता घरातल्या मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारा : "या पेटीचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?" वायफायचा पासवर्ड विचारू नका, तो सगळ्यांना पाठ असतो. मी पेटीच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड म्हणतोय.

बहुतेक घरांत उत्तर येईल, "तो माणूस बसवून गेला ना, त्याला असेल."

आमच्या घरीही बरीच वर्षं हेच उत्तर होतं. माझं मत असं आहे, की हे उत्तर बदलायला हवं. आणि ते बदलण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्वतःचा एक राउटर विकत घेणं आणि तो स्वतःच्या हातांनी बसवणं. हे मत माझं कसं झालं, ते सांगतो. सुरुवात एका फजितीपासून आहे.

आम्ही कुवेतमध्ये अब्बासियाला राहतो. नकाशावर या भागाचं नाव जलीब अल-शुयूख. इथे भारतीय खूप, त्यातही केरळचे जास्त. आमच्या मजल्यावर मल्याळी, तेलुगू आणि आम्ही एक मराठी.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. एकदा चिपळूणला लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "अरे, कंपनीचा मोडेम कशाला वापरतोस? स्वतःचा घे. मी घेतला, दर महिन्याचं भाडं वाचलं." त्याच्या घरी केबल टीव्हीच्या तारेतून इंटरनेट येतं. तिकडे बऱ्याच कंपन्या मोडेमचं महिन्याचं भाडं लावतात, म्हणून लोक दुकानातून आपला मोडेम आणतात. तो कंपनीच्या यादीतला आहे ना, एवढं बघायचं. मग पेटीखाली छापलेला नंबर कंपनीला कळवायचा, की झालं सुरू. दादाने नवा मोडेम घेतला होता. जुना त्याने मला दिला, आणि मी तो मोठ्या कौतुकाने कुवेतला आणला.

पहिली अडचण पिनची. अमेरिकेची पिन दोन चपट्या पट्ट्यांची, कुवेतचा सॉकेट तीन चौकोनी भोकांचा. शिवाय तिकडे वीज १२० व्होल्टची, इकडे २४० ची. नशिबाने अ‍ॅडॉप्टरवर "१००–२४० व्होल्ट" असं लिहिलेलं होतं, म्हणून तो जळला नाही. (परदेशातून कुठलीही वस्तू आणलीत, तर ही बारीक अक्षरांची ओळ आधी वाचा.) मग मी भिंतीतून आलेली गोल तार मोडेमला लावली. ती इतकी छान बसली, की मला वाटलं जिंकलो! दिवा लुकलुकायला लागला. तो रात्रभर लुकलुकत राहिला. इंटरनेट काही आलं नाही.

सकाळी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ही तार गच्चीवरच्या छत्रीतून येते. छत्रीत इंटरनेट कुठंय?"

तिचं बरोबर होतं. ती डिश अँटेनाची तार होती. दोन्हीकडे टोकाला तोच आट्याचा जोड असतो, म्हणून तार बसली. पण बसली म्हणजे चालली असं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं, की मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामं आहेत. मोडेम हा शब्द "मॉड्युलेटर-डीमॉड्युलेटर" या जोडीतून बनलाय. बाहेरच्या तारेवरची भाषा घरातल्या यंत्रांना समजेल अशी करायची, हे त्याचं काम. म्हणजे तो दुभाषा. राउटरचं काम वाटपाचं : आलेलं इंटरनेट फोन, लॅपटॉप, टीव्ही यांना पोचवायचं. कंपनी जी पेटी देते, तिच्यात बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकत्र असतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

दुभाषा बाहेरच्या तारेवर अवलंबून असतो. केबलच्या तारेला केबल मोडेम लागतो. फायबर असेल तर प्रकाशाचे संकेत समजणारी पेटी लागते, आणि ती सहसा कंपनीच देते. तारच नसेल तर सिमकार्ड घालायची ५जी पेटी लागते. कुवेतमध्ये ५जी २०१९ पासून आहे, आणि भाड्याच्या घरात तार ओढायची कटकट नको म्हणून अनेक कुटुंबं तीच पेटी घेतात. म्हणून माझा पहिला नियम : काहीही विकत घेण्याआधी घरात इंटरनेट कोणत्या वाटेने येतं ते बघा. दादाचा सल्ला न्यू जर्सीत शंभर टक्के बरोबर होता. अब्बासियात तो अर्धाच लागू पडला. मोडेम इथे निरुपयोगी, पण "स्वतःचं घे" हे मात्र खरं. आम्ही काय घ्यायचं, तर राउटर. राउटरला बाहेरच्या तारेशी देणंघेणं नसतं. कंपनीच्या पेटीला तो एका लॅन केबलने जोडला, की काम झालं. कंपनी बदला, घर बदला, अब्बासियातून फहाहीलला जा, नाहीतर कायमचे चिपळूणला परत जा. राउटर तुमच्याबरोबर येतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय गरज आहे? कंपनीची पेटी चालतेय ना? मलाही तसंच वाटायचं. मग २०२० साल आलं.

मार्चपासून शाळा बंद झाल्या. ६ एप्रिल २०२० ला सरकारने जलीब आणि महबूला हे दोन भाग पूर्ण बंद केले. आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. ते ९ जुलैला उघडले. तीन महिने! त्या तीन महिन्यांत आमच्या घराला एकच खिडकी होती, ती इंटरनेटची. आईचा चेहरा तिच्यातून दिसायचा. समोरच्या घरात एक चेची राहायच्या. (मल्याळीत मोठ्या बहिणीला चेची म्हणतात.) त्यांच्याकडे फक्त मोबाइलचा डेटा, आणि शिकणारी मुलं दोन. आम्ही त्यांना वायफायचा पासवर्ड दिला. त्यात विचार कसला करायचा? शेजारधर्म आहे.

पण पासवर्ड पाण्यासारखा असतो; एकदा ओतला की उताराने जातो. मुलांनी मित्रांना दिला, मित्रांनी खालच्या मजल्यावर दिला. काही महिन्यांनी मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना चित्र थांबलं. ती रडकुंडीला आली. मी पेटीत शिरून कोण-कोण जोडलंय ते बघायला गेलो, तर पेटीचा पासवर्डच माझ्याकडे नव्हता. बसवणाऱ्याने बदलला होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. घर माझं, बिल माझं, कनेक्शन माझ्या सिव्हिल आयडीवर. आणि दार कोणासाठी उघडं आहे हे मलाच ठाऊक नाही.

हा प्रश्न नुसता वेगाचा नाही, हे लक्षात घ्या. कुवेतमध्ये सायबर गुन्ह्यांसाठी २०१५ चा ६३ क्रमांकाचा कायदा आहे. तुमच्या वायफायवरून एखाद्या अनोळखी माणसाने काही वेडंवाकडं केलं, तर चौकशीला पहिल्यांदा दार कोणाचं वाजेल? आणि परक्या देशात, जिथे आपलं राहणं एका परवान्यावर अवलंबून आहे, तिथे ती चौकशी किती महाग पडेल? तुम्हीच विचार करा.

यावर काही जण म्हणतात, "मग कोणालाच वायफाय देऊ नका." मला ते पटत नाही. चेचींच्या मुलांना दिलं नसतं, तर त्यांचं शिक्षण बुडालं असतं. द्यावं, पण आपण कोणाला दिलंय हे आपल्याला माहीत असावं. स्वतःच्या राउटरवर हे सोपं असतं. त्यात "पाहुण्यांचं वायफाय" वेगळं चालू करता येतं. पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, पण आपल्या घरातला प्रिंटर किंवा लॅपटॉप दिसत नाही. महिन्याला त्याचा पासवर्ड बदलायचा आणि ज्यांना द्यायचा त्यांनाच पुन्हा द्यायचा. चेचींना मी हे समजावून सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "ठीक आहे, दर महिन्याला चहाला या आणि पासवर्ड सांगून जा."

बसवायचं कसं? घाबरू नका. कंपनीच्या पेटीतून एक लॅन केबल काढायची आणि राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात घालायची. त्याच्याजवळ बहुतेक वेळा "इंटरनेट" किंवा "वॅन" असं लिहिलेलं असतं. मग राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. तो बऱ्याचदा १९२.१६८ ने सुरू होतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी पेटीचा पासवर्ड बदला. अनेक पेट्यांचा मूळ पासवर्ड "अ‍ॅडमिन" असा काहीतरी असतो, आणि तो जगाला माहीत असतो. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा. जुने फोन अडले तर डब्ल्यूपीए२ चालेल. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. शेवटी कंपनीच्या पेटीचं जुनं वायफाय बंद करा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल. तिचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर कंपनीला फोन करून मागा. लाजू नका.

जागेचंही बघा. वायफाय मुख्यतः दोन लहरींवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांब जाते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला लवकर थकते. मायक्रोवेव्हजवळ राउटर ठेवू नका, २.४ च्या लहरीत तो लुडबुड करतो.

कुवेतमध्ये आणखी एक पंचाईत आहे. ५जी पेटीला खिडकीजवळ सिग्नल चांगला मिळतो, आणि खिडकीतच ऊन येतं. याच देशात मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलंय. असल्या उन्हात काचेला चिकटून ठेवलेली पेटी तापणार, धीमी होणार, कधीतरी बंदही पडणार. इथे दोन पेट्यांचा फायदा कळतो. कंपनीची पेटी सावलीच्या खिडकीत, पडद्याच्या आत ठेवा. केबल ओढून आपला राउटर हॉलच्या मध्यावर ठेवा. दोघंही आपापल्या जागी सुखी.

प्रत्येकाने राउटर घ्यावाच, असं मात्र मी म्हणणार नाही. एका खोलीत दोघं राहतात, दोन फोन आहेत, तर कंपनीची पेटी पुरते. ती बिघडली तर कंपनी बदलून देते. आपला राउटर बिघडला तर खर्च आपला. हा मुद्दा खरा आहे. पण तेव्हासुद्धा पेटीचा पासवर्ड तरी आपल्याकडे असू द्या. त्याला एक फिलसही लागत नाही.

तुम्ही दुसऱ्या देशात असाल, तर तिथला नियम बघा. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा मोडेम आणि राउटर लावण्याचा हक्क कायद्याने आहे. कंपनी आपलीच पेटी लादू शकत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून, ग्राहक स्वतःचा मोडेम वापरत असेल तर कंपनीला त्याचं भाडं लावता येत नाही. घरातलं मागचं बिल काढा आणि तपासा. कोण जाणे, तुमच्या बाबांचे पैसे वाचतील!

शेवटचं सांगतो. आमच्या घरी राउटर मी विकत आणला, पण बसवला मुलीने. मी फक्त केबल धरून उभा होतो. पासवर्ड एका वहीत लिहिलाय, आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या तिघांनाही माहीत आहे. मी कामावर असताना नेट गेलं, तर आता मला फोन येत नाही. घराची किल्ली आपण सगळ्यांकडे देतो ना? मग या दाराची एकट्या बाबांकडे का?

आता पुन्हा त्या पेटीकडे जा. या वेळी तिच्या खालची चिठ्ठी वाचा.

विचार करा आणि लिहा :
१. तुमच्या घरात इंटरनेट कोणत्या वाटेने येतं? पाच वाक्यांत सांगा.
२. लेखकाने शेजाऱ्यांना पासवर्ड दिला, हे तुम्हाला पटतं का? का?
३. "बसली म्हणजे चालली असं नाही." हे वाक्य तुमच्या एखाद्या अनुभवाला लावून दाखवा.