नाव लपवून जगा म्हणे

अंकाच्या बैठकीत एका दोस्तानं टोकलं, ‘ऑस्ट्रेलियातल्या निर्वासितांच्या केशी आपल्या पानावर कशाला? आपल्या गावातली जळकी घरं कमी पडली काय?’ सवाल वाजवी आहे. मी गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिक झालेला. वकील नाही. पण एक केस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

बांगलादेशातले दोन पुरुष. जोडीनं राहणारे. जिवाच्या भीतीनं ऑस्ट्रेलियात गेले, संरक्षण व्हिसा मागितला. खात्यानं नाही म्हटलं. मग ट्रिब्युनल. तिथला साहेब म्हणाला, हे दोघं तिकडं गुपचूप राहत होते. परत गेले तर तसेच गुपचूप राहतील. मग धोका कुठाय? अर्ज नामंजूर.

दोस्तांनो, आवाज ओळखीचा वाटतो ना? खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं भाडं सांगायच्या आधी मला आडनाव विचारलं. मी खोटं सांगितलं. अकरा महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. ट्रिब्युनलच्या हिशोबानं मी सुखात होतो. च्यायला!

आता कोर्टाची तऱ्हा ऐका. व्हिसा नाकारल्यावर तिथं कोर्टात जाता येतं, पण न्यायाधीश तुमची जखम बघत नाही. तुम्हाला मारतील का, तुम्ही खरं बोलता का, हे ठरवणं त्याचं कामच नव्हे. निकाल देणारा अधिकाराची हद्द सोडून गेला का, एवढंच तो बघतो. आज अर्जाला ३५ दिवसांची मुदत आहे. भाषा परकी, खिसा फाटका, आणि शोधायची साहेबाच्या कागदातली चूक. ती सापडली तरी कोर्ट व्हिसा देत नाही. फाईल मागं पाठवतं, पुन्हा ठरवा म्हणतं.

एवढं अरुंद दारही सरकारनं २००१ साली बुजवायला काढलं. त्या ऑगस्टात ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू बोटीनं मोडक्या होडीवरची ४३३ माणसं वाचवली. ऑस्ट्रेलियानं तिला धक्क्याला लागू दिलं नाही. (धक्क्यावर पोट असणाऱ्याला हे वाचून काय होतं, ते सांगत नाही.) पुढच्याच महिन्यात कायदा झाला : व्हिसाचे निकाल अंतिम, कोर्टात आव्हान नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, ज्याला ते हायकोर्ट म्हणतात, सुनावलं की हद्द ओलांडून दिलेला निकाल कायद्याच्या लेखी निकालच नव्हे. घटनेच्या ७५ व्या कलमानं उघडलेलं दार संसदेला बंद करता येत नाही. आपलं कलम ३२ आठवा. ९ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेब त्याला घटनेचा आत्मा आणि काळीज म्हणाले होते.

त्या दोघांचा निकालही ९ डिसेंबरचाच, साल २००३. खालच्या कोर्टांनी हात वर केले होते. इथं चार विरुद्ध तीन. एका माणसाच्या मताचा फरक! बहुमत म्हणालं, ट्रिब्युनलनं प्रश्नच चुकीचा धरला. गुपचूप राहतील का, हे बघितलं. का गुपचूप राहत होते, हे विचारलंच नाही. मार बसेल म्हणून जो तोंड दाबून जगतो, त्याच्या डोक्यावरची ती धमकी हाच छळ असू शकतो.

पुढं २०१४ साली सरकारनं कायद्यात ‘वागणं बदला’ घुसवलंच. पण जन्मानं आलेली गोष्ट लपवा असं सांगता येणार नाही, हेही त्याच कलमात लिहावं लागलं. आंतरराष्ट्रीय करारात छळाची पाच कारणं आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. जात हा शब्द नाही. आपल्या माणसाला ‘विशिष्ट सामाजिक गट’ म्हणून दार ठोठवावं लागतं. तेव्हा ‘जन्मानं आलेली’ हे शब्द दोस्ता, तू नीट वाच.

त्या दोघांची नावं मला ठाऊक नाहीत. कोर्टाला ती छापायची बंदी आहे. केसवर फक्त नंबर : एस ३९५. माझ्या बिल्ल्यावरही नंबरच असतो.

ती खोली मी बाराव्या महिन्यात सोडली. नव्या खोलीत पहिल्याच दिवशी फोटो लावला, दारावर खरं आडनाव लिहिलं. शेजारीण अजून आमच्याकडचा चहा घेत नाही.