श्वास, टाका आणि झोप

यंदाच्या चवथीला माझी भाची दीड दिवसासाठी घरी आली. सर्जरीत एमएस करतेय, दुसरं वर्ष. कॉलेज गोव्याबाहेरचं आहे, नाव घेत नाही. माटोळीला सुपारीचा घोस बांधून झाला, आरती सुरू झाली, आणि ही पोर झांजा हातात धरून भिंतीला टेकून चक्क झोपली. आई म्हणाली, "झोपू दे तिला, देव समजून घेईल."

दुपारी उठल्यावर तिने बॅगेतून एक प्लॅस्टिकचा डबा काढला. झाकणाला दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, बाहेर लॅपटॉप. भोकांतून दोन लांब चिमटे आत घालायचे आणि पडद्याकडे बघत गॉजच्या तुकड्यावर काढलेलं वर्तुळ कात्रीने बरोबर रेघेवरून कापायचं. मी म्हटलं बघू तरी. मंडळी, हात उजवीकडे नेला की चिमट्याचं टोक डावीकडे जातं! वर उचललं की खाली! पडद्यावर खोली कळत नाही ती वेगळीच. पाच मिनिटांत माझा खांदा कानाला लागला आणि श्वास अडकला.

"मामा, श्वास सोड आधी," ती म्हणाली. "आम्हाला हल्ली हेच शिकवतात."

तर त्यांच्याकडे आता आठवड्यातून एकदा ध्यानाचा वर्ग असतो. माइंडफुलनेस. मी विचारलं, उपयोग होतो का गं? तिने आमच्या घरच्या कोंकणीत उत्तर दिलं, "मन शांत आसा मामा. न्हीद ना."

त्या दोन वाक्यांनी माझी चवथ खाल्ली. म्हणून हा लेख. मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकून. शस्त्रक्रियेतलं मला काय कळणार? पण टेबलावर झोपणारे आम्हीच असतो, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी हे सांगतो की ही कल्पना मला थोतांड वाटत नाही. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. देव नाही, मंत्र नाही. श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष, ते भरकटलं की न चिडता परत आणायचं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षाच्या 21 डॉक्टरांवर याचा प्रयोग झाला. 12 जणांना ध्यान, 9 जणांना तेवढाच वेळ दुसरं काही. 2019 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, ते ध्यानाच्या बाजूने झुकलेले होते. पण 21 माणसं म्हणजे आमच्या कचेरीतला एक विभाग. त्यावरून आरोळी ठोकू नये. मनात उजळणी करण्याचा पुरावाही आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने 2011 मध्ये दाखवलं, की नवशिक्यांनी आधी डोळे मिटून सगळी शस्त्रक्रिया मनात केली, तर सिम्युलेटरवर त्यांचं काम अधिक नेटकं होतं. आमच्या देवळातल्या पखवाजवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय?

"हे सगळं आमच्याकडे होतंच" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. इगतपुरीला विपश्यना नेणारे गोएंका 1969 मध्ये भारतात आले ते ब्रह्मदेशातून, आणि त्यांचे गुरू ऊ बा खिन हे तिथल्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेले गृहस्थ. पुढे ते स्वतःच अकाउंटंट जनरल झाले आणि कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवू लागले. आमच्या जातकुळीचा माणूस, म्हणून मला उगाच अभिमान. असो.

खरी गोष्ट पुढे आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना कधीकधी चुकून भलतीच नळी, म्हणजे मुख्य पित्तनलिका, कापली जाते. रुग्णाचं पुढचं आयुष्यच बदलून जातं. माझ्या रजिस्टरातली चूक लाल शाईने खोडून बाजूला सही केली की भागतं, इथे तसं नाही. 2003 मध्ये अशा 252 प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं की 97 टक्के वेळा मूळ कारण डोळ्यांना झालेला भास होता. हात अडाणी असल्याने झालेल्या चुका फक्त 3 टक्के. सर्जनला ती नळी हवी तीच वाटली. म्हणजे हात कापत नव्हता, घाम फुटला नव्हता. तो निर्धास्त होता!

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालं, की नुसतं शांत मन पुरत नाही. शांतपणेही चूक करता येते. ध्यानातून "मला दिसतंय ते तसंच आहे का" हे विचारायला क्षणभर थांबायची सवय लागली, तर ते शस्त्रक्रियेच्या उपयोगाचं. नाहीतर ती डोकेदुखीची गोळी झाली. आणि हे थांबणं एकट्याच्या मनावर सोडूही नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची यादी केली: चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, रुग्णाचं नाव, जागा, शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणायची. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. कागदावर खुणा करणं किती कंटाळवाणं असतं ते मला विचारा, जन्म त्यातच गेला. पण ही यादी म्हणजे सगळ्या खोलीने एकदम केलेलं ध्यानच नव्हे काय?

आणि झोप. न्यू यॉर्कमध्ये 1984 मध्ये लिबी झायन ही तरुण मुलगी रुग्णालयात दगावली, डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर वादळ उठलं, आणि 2003 मध्ये अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. आपल्याकडे केंद्र सरकारने 1992 मध्येच निवासी डॉक्टरांसाठी 48 तास लिहून ठेवले आहेत. परिपत्रक कसं काढतात आणि कपाटात कसं जातं, हे मी दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. भाचीच्या एका ड्यूटीतच छत्तीस तास जातात.

छत्तीस तास जागं ठेवायचं आणि मग लक्ष टिकत नाही म्हणून श्वासाकडे बघायला सांगायचं, याला माझा विरोध आहे. त्यात दोष गुपचूप त्या पोरीच्या मनावर जातो. तक्रार केलीच, तर तिचा सराव कमी पडला. कुणी म्हणेल, वाटेल तेवढे तास कमी करा, मग हात कुठे बसणार? प्रश्न खोटा नाही. टाका घालून घालूनच टाका येतो. पण म्हणूनच ते डब्यातलं वर्तुळ, ती मनातली उजळणी आणि हवं तर ते ध्यानही कामाच्या तासांत बसवा, झोपेच्या तासांतून कापून नको. भाचीचा ध्यानवर्ग ठेवलाय रात्रपाळी संपल्यावर, सकाळी नऊला.

दुसऱ्या दिवशी गणपती पोचवून तिला बसवर सोडायला गेलो. वाटेत कारकुनी प्रश्न विचारलाच, "वर्गाची हजेरी घेतात?"

"सही करून, वेळ लिहून," ती म्हणाली.

"आणि ड्यूटीच्या तासांचं रजिस्टर?"

ती हसली, खिडकीजवळची जागा पकडली, आणि बस स्टँडच्या बाहेर पडायच्या आत तिची मान कलली होती.