गाडीच्या आसनांचे हात

मोटार जुनी झाली हें घरांत कशावरून ठरतें, याचा शोध घेतला तर मोठी मौज आढळते. इंजिन कुरकुरलें तर त्याला तेल मिळतें. पण आसनाच्या हातावरचें रेक्झिन सुटून त्याचे काळे कपचे पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यास चिकटूं लागले, कीं "आतां ही विकावी" अशी भाषा सुरू होते.

वाशीम जिल्ह्यांतील मालेगावीं आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत नुकताच हा प्रश्न निघाला. गाडी इनोव्हा, मधल्या रांगेंत दोन स्वतंत्र खुर्च्या. २००५ सालीं ही गाडी आपल्या देशांत आली. बंगळूरजवळ बिडदी येथील तिच्या कारखान्याच्या नांवांत टोयोटाच्या जोडीला किर्लोस्कर आहे, आणि नांगर व मासिक या दोहोंमुळें तें नांव मराठी घरांस परकें नाहीं. नोंदणीचीं १५ वर्षें भरलेलीं. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची ५,००० झालेली. कर्त्या मंडळींचा कल विक्रीकडे होता. परंतु आजींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. मेडशी-पातूरवरून अकोल्यास डॉक्टरांकडे जातांना त्या याच खुर्चींत बसत आणि उठतांना हातावर भार देत. नव्या लहान गाडींत मागें सलग बाक असतो. दोन्ही बाजूंस हात कोठून येणार? "मला गाडीचें कौतुक नाहीं, हा हात तेवढा राहूं द्या," असें त्या म्हणाल्या, आणि विक्री थांबली.

अशा कामांत पुष्कळजण प्रथम कापड निवडावयास धांवतात, हें आम्हांस उफराटें वाटतें. आधीं सांधा पाहावा. हात वरखालीं करून हलवावा. तो आडवा डुलत असेल तर वळणाचा बोल्ट सैल झाला आहे किंवा वॉशर झिजला आहे. बोल्ट काढतांना वॉशरांचा क्रम कागदावर मांडून ठेवावा. आंतील दांतेच तुटले असतील तर वर कितीही सुरेख शिलाई केली तरी व्यर्थ. जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून दुसरा हात आणावा. शिवाय हा हात कोपर टेकण्याकरितां केलेला आहे, सबंध देहाचा भार पेलण्याकरितां नव्हे. वडील माणसांनीं उठतांना दारावरील मूठही धरावी, ही संवय घरच्यांनींच लावावयास हवी.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेला प्लास्टिकचा थर. त्याला मऊपणा देणारीं द्रव्यें उन्हाच्या तापानें हळूहळू निघून जातात आणि तो कडक होऊन तडकतो. वऱ्हाडांतील उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यांत घामाची व खोबरेल तेलाची भर. आंतला फोमही कालांतरानें भुगा होतो. तो तसाच ठेवून वर नवें कातडें ओढणें म्हणजे पोचट उशीला नवा अभ्रा. कुशनवाल्याकडून ४० डेन्सिटीचा घट्ट फोम मागावा. मऊ फोम दुकानांत छान वाटतो, पण कोपराखालीं लवकर बसतो.

जुनें आवरण फेकूं नये. त्याची शिवण उसवून प्रत्येक तुकडा कागदावर ठेवावा व खाका काढावा. शिवणीस अर्धा इंच जास्त सोडावा. घरच्या यंत्रावर शिवावयाचें तर १६ किंवा १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, व टाका लांब ठेवावा. बारीक टाक्यांची रांग पोस्टाच्या तिकिटांच्या भोंकांप्रमाणें रेक्झिन फाडते. शिवलेली पिशवी थोडा वेळ उन्हांत ठेवली कीं नरम होऊन फोमवर नीट बसते. चिकटविण्यास सुताराचा पांढरा फेव्हिकॉल उपयोगाचा नाहीं. रबरी डिंक दोन्ही अंगांस लावावा, दहापंधरा मिनिटें सुकूं द्यावा आणि बोटास चिकटेनासा झाला म्हणजे दाबावा. त्याची वाफ पेट घेणारी असते, तेव्हां हें काम अंगणांत करावें. देवघरांतला दिवा व स्वयंपाकघर दूर असावें.

रंग जुन्याशीं तंतोतंत जुळणें कठीण. एकाच हातास जुळता रंग शोधीत महिना घालविण्यापेक्षां जोडीचे दोन्ही हात एकदमच करावे. पुढें साबणाच्या ओल्या फडक्यानें पुसावे, स्पिरिट अगर रॉकेल लावूं नये. उन्हाळ्यांत वर सुती खोळ घालावी. ती धुण्यांत टाकतां येते आणि तेल वरच्यावर टिपते.

उरलेलें रेक्झिन व कागदी खाका एका पाकिटांत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. मधल्या रांगेचे हात झाले म्हणजे चालकाच्या हाताची पाळी येतेच.